थोरली मिरजेला असते

“दुखतं का गं?” हा प्रश्न मला चौदाव्या वर्षापासून इतक्या जणांनी विचारलाय, की आता कुणी तोंड उघडायच्या आतच मी “नाही” म्हणून मोकळी होते. नाही दुखत. खाजत नाही, आग होत नाही, काही नाही. अंगावर कोड आलं की कातडीचा रंग जातो, एवढंच. माझा आधी ओठांच्या कडेचा गेला, मग बोटांच्या पेरांचा, मग डाव्या डोळ्याभोवतीचा. दुखायचं ते औषध. बावचीचं तेल चोळून आई मला परसात उन्हात बसवायची आणि संध्याकाळी टरारून फोड यायचे. शिवाय मीठ बंद, दही बंद, चिंच बंद. आपल्या भाषेत लाडालाही कोडच म्हणतात. माझे ते कोड कुणी पुरवले नाहीत, हे मात्र पुरून उरलं.

दुखत नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा हिरमोड व्हायचा. कारण त्याच्याजवळ माझ्या दुःखावरचं उत्तर तयार असायचं आणि ते ऐकवल्याशिवाय त्याला चहा जात नसे. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, “भोग हाय. भोगून संपवायचा.” शेजारच्या जैन काकू फार प्रेमळ. त्या म्हणायच्या, “कर्म उदयाला आलंय बाई. शांतपणे सोसलंस की झडून जातं.” मी विचारलं, “काय झडतं काकू, कर्म का कातडं?” त्या हसल्या. पण त्यांच्या सुनेला दिवस गेले तशी मला म्हणाल्या, “सध्या येऊ नको गं आमच्याकडं.” मग विश्रामबागच्या कॉलेजात मी हट्टानं तत्त्वज्ञान घेतलं. म्हटलं, बघू तरी, शिकलेली माणसं काय म्हणतात. आमचे सर वर्गात तासभर सांगत होते, दुःख हे वस्तूत नसतं, आपल्या मानण्यात असतं. तास संपल्यावर मी वही तपासायला पुढे केली, तर त्यांनी ती दोन बोटांनी कोपऱ्याला धरून घेतली. मानण्यातच असतं तर वही नीट धरायला काय झालं होतं?

माझं लग्न होणार नाही हे घरात कधी कुणी बोललं नाही, सगळ्यांनी ते धरूनच चाललं होतं. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते धाकटीचं. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, माझ्या ताटात जेवणारी, माझ्या फणीनं केस विंचरणारी. तिला एकोणिसावं लागलं आणि पाहुणे बघायला यायला लागले. मोठ्या बहिणीला कोड आहे म्हटल्यावर धाकटीला कोण करून घेणार? म्हणून आईनं युक्ती काढली. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी माझी पिशवी भरायची आणि मला मिरजेला मावशीकडे धाडायचं. मावशीच्या समोर सतारी करणाऱ्यांचं घर होतं. त्यांच्या दारात वाळत पडलेले भोपळे मोजत मी दिवस काढायची. इकडे पाहुण्यांनी विचारलं, “थोरली कुठं हाय?” की आई पदर सावरून सांगायची, “थोरली मिरजेला असती.”

हे उत्तर आईला फार छान सुचलं होतं. खोटंही नाही आणि खरंही नाही. पहिल्या स्थळाकडून निरोप आला नाही. दुसऱ्याकडूनही नाही. तिसरं स्थळ चांगलं उसाच्या शेतीचं, पोरगा बीएस्सी, धाकटी त्यांना पसंत पडल्याचं स्वच्छ दिसत होतं. तेही गप्प बसलं. शेवटी ते स्थळ आणणारे आमचे मामा एका दुपारी आले आणि दारातूनच कडाडले.

“अगं आक्का, थोरलीला मिरजेला ठेवलीया म्हणं तुमी दवाखान्यात?”

“कोण म्हणतंय?” आई उठूनच उभी राहिली.

“समदी म्हणत्यात. लय दिस झालं, छातीचं दुखणं हाय, पोरगी काय वाचत न्हाई म्हणं. टीबीच्या घरातली पोरगी कोण करंल?”

मी चुलीपुढून बाहेर आले आणि हसतच सुटले. तुम्हीच सांगा, आमच्या भागात माणूस मिरजेला दोनच कारणांनी जातो. एक गाडी बदलायला, नाहीतर दवाखान्यात भरती व्हायला. गाडी बदलायला गेलेलं कुणी तिथं ‘असत’ नाही! पार जतपासून कर्नाटकापर्यंतच्या बैलगाडीवाल्याला जे ठाऊक, ते आमच्या आईला सुचू नये? माझं कोड झाकायला तिनं मला क्षयरोगी करून ठेवलं होतं. मामांनाही हसू आवरेना. आई मात्र हसली नाही, आणि धाकटी आत जाऊन रडत बसली. तेव्हा माझंही हसू गेलं.

चौथं स्थळ साताऱ्याकडचं होतं, मुलगा मिलिटरीत. आदल्या दिवशी आईनं परत पिशवी काढली. मी ती खुंटीला टांगली.

“मी जायची नाही. चहा मी देणार.”

“तिचं वाटुळं करू नगस.”

“वाटोळं तुम्ही तीनदा केलंत. आता मला बघू दे.”

“आसू दे,” आबा कोपऱ्यातून म्हणाले, “जे भोगात आसंल ते...”

“कुणाच्या भोगात? माझ्या का तिच्या?” मी अशी ओरडले की आबांनी पानाचा डबा मिटला. रात्री मात्र मी ती पिशवी दोनदा खुंटीवरून काढली आणि परत टांगली. तोंडानं मी शूर होते. आईचं म्हणणं खरं ठरलं, माझ्या हट्टापायी धाकटी जन्मभर माझ्याशेजारी बसून राहिली, तर कुठल्या तोंडानं तिच्याकडे बघू?

पाहुणे आले. मुलाची आई, चुलती आणि फौजेतनं रिटायर झालेले चुलते. मी डोक्यावर पदर न घेता, चांगली उजेडात चालत, ट्रे घेऊन गेले. सगळ्यांचे डोळे माझ्या बोटांवर. चुलत्यांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाले, “ही थोरली व्हय? बरी हाय की.” मला वाटलं, जिंकलं.

मुलाच्या आईनं कपाला हात लावला नाही. ती आईला म्हणाली, “आवं, जरा आत चला. धाकटीला बी घ्या.” तिची जाऊही उठली, मीही मागोमाग गेले. आतल्या खोलीत अंधार होता. त्या बाईनं धाकटीला उभं केलं आणि शांतपणे, बाजारात कापड बघावं तशी, म्हणाली, “बाह्या वर कर. पाठ बघू दे. लुगडं गुडघ्यापातूर घे.” आणि माझ्याकडे न बघता, “उजेड कर गं जरा.”

मी खिडकी उघडली. इतकं सगळ्यांना सुनावणारी मी, एक शब्द न बोलता मी खिडकी उघडली. धाकटी पोलक्याची हुकं काढून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्या दोघी जावांनी तिची पाठ, काखा, पोटऱ्या, पायाची बोटं सगळं बघितलं. आई दाराला टेकून जमिनीकडे बघत होती. मग मुलाची आई म्हणाली, “न्हाई, पोरगी निर्मळ हाय,” आणि बाहेर जाऊन तिनं गार झालेला चहा पिऊन टाकला. स्थळ ठरलं. आबांनी गूळ काढला.

आम्ही दोघीच आत राहिलो. धाकटीच्या हाताला हुकं लागत नव्हती, म्हणून मी लावायला गेले. मला स्वतःचा फार संताप आला होता. म्हटलं, “माझ्यामुळं झालं हे. मी बाहेर आले नसते तर तुला असं उघडं उभं राहावं लागलं नसतं. तू नाही म्हण. मी सांगते बाहेर, मोडलं म्हणून.”

ती म्हणाली, “गप गं आक्का. मला आज एकदा बघितलं. तुला रोज बघत्यात.”

हे मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ना आबांनी, ना काकूंनी, ना सरांनी. चौदाव्या वर्षापासून मी लोकांपुढे एकदाही रडले नव्हते. त्या दिवशी तिच्या खांद्यावर रडले, आणि बाहेर पाहुणे आम्ही लग्नाच्या आनंदानं रडतोय असं समजून कौतुकानं हसत बसले.