पितृपक्षात आलेलं घड्याळ

आमच्या बाबांना कोणी फसवू शकत नाही, हे हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी वस्तीला, अख्ख्या तात्यापाऱ्याला, ठाऊक होतं. शहराबाहेरच्या उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये त्यांनी आयुष्यभर माल तपासायचं काम केलं आणि घरी आल्यावरही तेच केलं. भाजीवालीच्या तराजूकडे वाकून बघायचे, सोनाराला अंगठी पुन्हा तोलायला लावायचे, साडी दुकानाबाहेर उन्हात नेऊन उलगडायचे. त्यांच्याबरोबर बाजारात गेलं की आम्हा भावंडांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना मात्र काही घ्यायचं झालं की बाबाच लागायचे.

बहीण बुढापाऱ्यात दिली, पायी जावं इतकी जवळ. पहिल्या दिवाळसणाला जावयाला काय द्यायचं यावर घरात बराच खल झाला. तिच्या मोठ्या जावेच्या माहेरून परदेशी कंपनीचं भारी घड्याळ आलं होतं. विहीणबाई तसं काही बोलल्या नव्हत्या, पण बाबांनी ते तिच्या मोठ्या दिरांच्या मनगटावर पाहिलं होतं. झालं! आपल्या पोरीला त्या घरात मान खाली घालावी लागू नये, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं.

शोरूममधलं घड्याळ आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मग गणपतीत बाबा माझा फोन घेऊन बसले. एकेक फोटो मोठा करून बघायचे, विकणाऱ्याचं नाव, गॅरंटी, लोकांनी काय लिहिलंय, सगळं वाचायचे. सगळ्यांत स्वस्त होतं ते त्यांनी आधी बाद केलं. "हे नकली आहे, पोट्ट्या. एवढ्यात कोणी अस्सल देते का?" म्हणून त्याच्याहून बरंच महाग घेतलं. महाग आहे म्हणजे खरं असणार, हे माझ्याही गळी उतरलं. "आलं की आधी शोरूममध्ये दाखवून आणतो," ते म्हणाले. "खोटं निघालं तं वापस."

पार्सल आलं ते नेमकं पितृपक्षात. बाबा कात्री घेऊन बसले, तशी आई स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, पितरं हायेत! या दिवसांत नवीन वस्तू उघडत नसतात. तेही जावयाची!" परत करायची मुदत निघून जाईल, हे बाबांनी तिला परोपरीनं समजावलं. पण आदल्या वर्षी याच दिवसांत घेतलेल्या स्कूटरवरून मामा पडले होते. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बाबांनी कात्री खाली ठेवली. खोकं देवघरात गेलं, त्याला हळदकुंकू लागलं. घट बसले तोवर मुदत संपली होती. मग आई म्हणाली, आता जावईबापूच आपल्या हातानं उघडतील.

पाडव्याला जावयांनी ते उघडलं, घातलं आणि बाबांना वाकून नमस्कार केला. बाबा इतके खूश होते की दिवसभर त्यांच्या मनगटाकडेच बघत होते. "अहो, घड्याळ त्यांनी घातलंय, तुम्ही नाही," म्हणून आईनं चिडवलंसुद्धा.

पट्टा सैल होता. त्याच्या कड्या कमी करायला जावई शोरूममध्ये गेले. तिथल्या माणसानं घड्याळ उलटं करून पाहिलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, हे नकली आहे, आम्ही दुरुस्त करत नाही. जावई भला माणूस. त्यांनी आमच्या पिढीच्या सवयीनं हिंदीतच फोन केला, "पापाजी, किसी ने आपको ठग लिया. शिकायत कर दीजिए." पण मागून विहीणबाईंचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू आला. "ते अन् फसतील? सोनाराले घाम फोडणारा माणूस!"

तक्रार केली. मुदत संपली, एवढंच उत्तर आलं. फसल्याचं दुःख बाबांनी गिळलं असतं. पण जाणूनबुजून नकली दिलं असं पोरीच्या सासरी वाटत असेल, हे त्यांना आतून खात होतं. मी म्हटलं, पितृपक्षाचं सांगून टाका ना. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "तुझ्या आईवर बोट दाखवू? सारे तिलेच नावं ठेवतील. राहू दे."

त्यानंतर बाबा बुढापाऱ्यात गेले नाहीत. बहीण-जावई यायचे, बाबा त्यांच्याशी नीट बोलायचे, पण तिकडे पाऊल टाकलं नाही. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले आणि निघायच्या वेळी म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. आता नुसतं भरून येतं.

यंदा उन्हाळ्यात बाबा गेले. तेरवीला पाहुणे पांगल्यावर बहीण माझ्याजवळ येऊन बसली. आई भिंतीला टेकून डोळे मिटून होती. बहीण हळूच म्हणाली, "दादा, सच बता. वो घड़ी नकली है, बाबा को पता था क्या?"

सासरच्यांचं सोडा, इतकी वर्षं हिलाही खात्री नव्हती! आणि मी सांगणार काय? खरं सांगायचं तर आईचं नाव घ्यावं लागत होतं, आणि तेवढंच बाबांना नको होतं.

"मीच उघडू दिलं नाही," आई म्हणाली. तिनं डोळे उघडले होते. "ते शोरूममध्ये दाखवून आणतो म्हणत होते. मीच म्हटलं, पितरं हायेत."

बहीण तिच्याकडे वळली. "तो तूने कभी बताया क्यों नहीं?"

"मी जाऊन सांगतो म्हटलं होतं तुझ्या सासूले. त्यायनं मले शपथ घातली. म्हणे, ते घर तुले जन्मभर बोलन," आई म्हणाली.

मग ती भिंतीला धरून उठली. "चल, पोट्टी. आत्ताच तुझ्या सासूले सांगून येऊ."

"आई, सव्वा महिना बाहर नहीं जाते," बहीण रडत म्हणाली. "लोग क्या बोलेंगे?"

"हव, नाही जात," आई म्हणाली आणि दारामागे आपल्या चपला शोधू लागली.