उरलेला प

मंगरूळपीरच्या शाळेत दौलतराव मास्तर मोडी आणि इतिहास शिकवत. त्यांच्या वर्गात ओळ वाचून झाली तरी शेवटच्या अक्षरावर बोट ठेवून थांबावं लागे. एखाद्यानं घाई केली की मास्तर हलक्या आवाजात विचारत, "काही उरलं का रे?" पोरं त्यांना पाठीमागं 'उरलं का मास्तर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. ते रागावत नसत. अमेरिकेचा धडा आला की मात्र ते स्वतः शिकवत नसत. एखाद्या पोराला मोठ्यानं वाचायला लावत आणि धडा संपेपर्यंत फळ्याकडे तोंड करून उभे राहत.

त्यांचं घर माळ्यांचं. गावाच्या कडेला विहीर आणि तिच्यावर भाजीचा मळा. वडील उकंडराव लवकर गेले, म्हणून मोट थोरल्या नथ्थूच्या हाती आली. जनावर कितीही आडमुठं असो, नथ्थूनं मानेवर हात ठेवला की ते चालू लागे. १९१६ साली बाजाराच्या दिवशी सरकारी भरतीवाला आला. लढाईवर खेचरं हाकायला माणसं हवी होती. लग्नाला वर्ष झालेलं असताना नथ्थू गेला.

मागं राहिली आई प्रयागबाई, नऊ वर्षांचा दौलत आणि इंझोरीहून आलेली नथ्थूची सोळा वर्षांची बायको कस्तुराबाई. प्रयागबाई टोपली घेऊन बाजारात बसे, त्यामुळे दौलतला न्हाऊ घालणं, भाकर देणं, शाळेत धाडणं हे सगळं वहिनीचं झालं. तो तिच्याच हातचं जेवे. ती माहेरी गेली की त्याला ताप येई.

पुढच्या वर्षी पत्र आलं. ते पहिलं आणि शेवटचं. कोण्या मराठी हवालदाराकडून नथ्थूनं ते मोडीत लिहवून घेतलं होतं. दौलत तेव्हा चौथीत, घरातला एकटा वाचणारा. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, लिहिणारे काना-मात्रेलाही फार जुमानत नाहीत. पोरानं बोट ठेवून अक्षरं लावली: मुकाम अमाराका...

"अमेरिका!" तो ओरडला. गुरुजींनी त्याच आठवड्यात पृथ्वीचे खंड शिकवले होते. "माय, दादा अमेरिकेत गेला!"

"कुठी व्हय ते?" प्रयागबाई म्हणाली. "कारंज्याच्या पल्याड?"

"समुद्राच्या पल्याड, माय. पृथ्वीच्या त्या अंगाले. आपल्या इकडं दिवस असला की तिथं रात असते."

'अमाराका'नंतर एक 'प' उरला होता. तो कुठंच बसेना. दौलतनं तो सोडून दिला आणि पुढं वाचलं, येथून नथ्थूचा दंडवत, मी खुशाल आहे, ऊन फार आहे.

त्या दिवसापासून कस्तुराबाई दिवेलागणीला कंदील लावला की म्हणे, "तिकडं आता उजाडलं असन." कोणाला उद्देशून नव्हे, असंच.

लढाई संपली. नथ्थू आला नाही. १९२० साली जवळच्या किन्हीराजा गावचे बबनराव आपल्या मामाला घेऊन मळ्यावर आले. बबनराव म्हणजे बायको वारलेला, शांत, मळ्यात राबणारा माणूस. त्यांनी कस्तुराबाईसाठी पाटाचं विचारलं. विधवेचा पाट लावायची रीत त्यांच्यात होतीच, पण नवरा जिवंत असताना नाही. प्रयागबाईचं मन तयार होतं. "पोरगी वीस वर्साची हाय," ती म्हणाली. "मी किती दिस जगीन?"

नथ्थू जिवंत धरायचा की मेलेला, ते ठरवायला पंच बसले. एकानं सांगितलं, "ते पत्र आना. पोरगा शिकून राह्यला, त्यालेच वाचू द्या पुन्हा."

दौलत तेरा वर्षांचा झाला होता. आता त्याला मोडी चांगली येत होती. पत्र हातात घेतल्याबरोबर त्याला तो 'प' दिसला. स्वच्छ दिसला. अक्षर उरतं याचा अर्थ आधीचा शब्द चुकलेला असतो, हे त्याला कळत होतं. मग खरा शब्द कोणता, ते मात्र कळत नव्हतं. दाराआड वहिनी उभी होती. दौलतनं त्या अक्षरावर अंगठा ठेवला आणि वाचलं, "मुकाम अमेरिका येथून."

"अन् तिथं लढाई झालती का?" पंचांनी विचारलं.

"नाही. लढाई फ्रान्सात होती. अमेरिकेत गोळी चालली नाही."

"मंग मड्डम करून बसला असन लेकाचा!" एक म्हातारा म्हणाला आणि सगळे हसले.

दाराआडून कस्तुराबाईचा आवाज आला, "बसू द्या. जिवंत हाय ना?"

बबनराव उठून गेले. दुसऱ्या वर्षी त्यांनी दुसरीकडं संसार मांडला.

दौलत शिकत गेला, अकोल्याला, मग अमरावतीच्या कॉलेजात. विषय एकच धरला, अमेरिका आणि तिची फौज. सोबती हसत, पण त्याचा हट्ट सुटेना. लढाईसाठी इंग्रजांनी अमेरिकेतून लाखो खेचरं विकत घेतली आणि जहाजांनी नेली, हे एका पुस्तकात सापडलं तेव्हा तो आनंदानं रडला. खेचरं आणायला माणसं लागणारच! दादा त्यांच्यातच असणार. त्यानं लष्कराच्या कचेरीला लिहिलं. उत्तर आलं की हिंदी खेचरवाले अमेरिकेत पाठवलेच नव्हते. कारकुनाला इतिहास ठाऊक नाही, असं म्हणून त्यानं ते फाडलं.

सुटीत घरी आला की कस्तुराबाई भाकर वाढता वाढता विचारे, "भाऊजी, अमेरिकेचं काय नवं वाचलं?" तो पनामाच्या कालव्याचं सांगे, की डोंगर फोडून दोन समुद्र जोडले आणि जहाजं पायऱ्यांनी चढवतात.

"मोट नसता पानी चढवतात?" ती हसे. "मंग कायले येतीन हे वापस मोट हाकाले!"

पण तिचं कुंकू रोज ठसठशीत असे.

१९२९ च्या डिसेंबरात ग्रंथालयात त्याच्या हाती लढाईच्या इतिहासाचा एक जाड भाग आला. मेसोपोटेमियाचा होता, त्याच्या कामाचा नव्हता. आत घडीचा नकाशा होता, तो त्यानं सहज उलगडला. तैग्रिस नदीच्या काठी एक गाव होतं. अमारा. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की इथं फौजेची मोठी छावणी आणि इस्पितळं होती.

पत्र गावी ट्रंकेत होतं, पण ते समोर असायची गरज नव्हती. बारा वर्षं प्रत्येक अक्षर त्याला पाठ होतं. त्यानं ओठ हलवून वाचलं. अमारा काप. अमारा कांप. अमाऱ्याची छावणी. आणि काहीच उरलं नाही.

या वेळी त्यानं कचेरीला बरोबर गावाचं नाव लिहिलं. उत्तर मार्चमध्ये आलं. नथ्थू वल्द उकंडा, खेचरवाला, जुलै १९१७, अमारा इस्पितळ, पटकी. घरच्यांना त्याच वेळी कळवलं होतं असंही त्यात होतं. कुठं, कोणामार्फत, ते नव्हतं.

बी. ए. ची परीक्षा तोंडावर होती. दौलत ती सोडून घरी आला. प्रयागबाई दोन वर्षांमागं वारली होती, लेकाची वाट बघतच. दुपार होती. कस्तुराबाई विहिरीजवळ पाण्याच्या पाटाकाठी बसून बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं जुडी पुरी बांधली.

"अमारा कुठी आलं?"

त्यानं काडीनं ओल्या मातीत नदी काढली, समुद्र काढला, हिंदुस्थान काढला. फार लांब नव्हतं.

"तिथं आता दिवस का रात?"

"दिवसच, वयनी. आपल्याहून अडीच तास मागं."

ती त्या काडीच्या रेघांकडं बघत राहिली. "म्हंजे मी कंदील लावून उजाडलं म्हनो, तवा तिथं बी दिवस मावळतच चालला होता." मग म्हणाली, "आन ते त तवाच गेलते."

"माझं चुकलं, वयनी."

"दहा वर्साच्या लेकराचं चुकतेच," ती म्हणाली. "पन पंचांनी तुमाले पुन्हा वाचाले लावलं होतं ना? तवा त तुमी तेरा वर्साचे होते."

त्याला खोटं बोलता आलं असतं. त्यानं अंगठ्याचं सांगितलं.

"काहून?"

"तुमी गेल्या असत्या."

मोटेचे बैल नुसतेच उभे होते. कस्तुराबाई तीस वर्षांची होती. बबनरावांना तिकडं तीन लेकरं होती, धाकटं नुकतंच चालायला लागल्याचं बाजारात कोणी सांगितलं होतं. ती दौलतकडं बघत होती. तिला राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"किन्हीराजा काय अमेरिका व्हय का, भाऊजी?" ती म्हणाली. "तिथून बी तुमाले भाकर धाडली असती."

ती वाकली. पाटातल्या पाण्यात पदर भिजवला आणि कपाळ पुसलं. एकदा पुसून गेलं नाही, म्हणून पुन्हा पुसलं. बांगड्या तिनं दगडावर फोडल्या नाहीत, एकेक काढून मेथीच्या टोपलीशेजारी ठेवल्या. मग उरलेल्या जुड्या बांधायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी बाजार होता.

दौलत तिथंच बसला. तिनं त्याला जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. दिवेलागणीला ती उठली, कंदिलाची काच पदरानं पुसली, वात लावली. तिचे ओठ सवयीनं उघडले. मग मिटले. तिनं कंदील खुंटीला टांगला आणि दिराचं ताट वाढलं.