अकरा घरट्यांची साक्ष

संतापाला आपण फार लवकर दोष देतो. संस्कृताने मात्र या भावनेसाठी एकच शब्द पुरेसा मानला नाही. स्वतःचे काही दुखावले की उसळतो तो क्रोध. आणि ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही त्याच्यासाठी जो अंतःकरणात पेटतो, त्याला मी मन्यु म्हणेन. क्रोध माणसाला वाकवतो, मन्यु ताठ उभा करतो. सोलापूरच्या दक्षिणेकडील माळावर उभा जन्म मेंढरे राखलेल्या येडू धनगराच्या ठायी हा मन्यु होता.

त्याच्या चराईचा निम्मा माळ खतांच्या एका कारखान्याने भिंत घालून घेतला. भिंतीआड चाळीस एकर खडकाळ रान तसेच पडून राहिले. तिथे माणूस शिरत नसे, कुत्रे शिरत नसे. त्यामुळे उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या माळटिटव्यांना आणि धाविक पक्ष्यांना तिथे अभय लाभले. पुढे त्या जागेवर गोदाम बांधायचे ठरले. त्याआधी पक्ष्यांची पाहणी करून सरकारला अहवाल देणे भाग होते. कारखान्याने भवानी पेठेतल्या प्राध्यापिका प्रियदर्शनी यांना पाचारण केले, आणि माळाचा जाणता म्हणून त्यांनी येडूला सोबत घेतले.

पहिली दोन वर्षे प्रवेश मिळाला तो पौषात. घरटे एकही दिसले नाही. येडू वैतागून म्हणाला, “बाई, लगीन ठरायच्या आदी पाळना शोधाय आलाय व्हय? चैतात या की!”

प्रियदर्शनींनी अर्जामागून अर्ज केले, तेव्हा तिसऱ्या वर्षी चैत्रातली एक सकाळ पदरात पडली.

फाटकावर पहारेकरी मल्लप्पाने अडवले. “येडूमामा, हेल्मेटशिवाय आत सोडता येत नाही. पटका काढा.”

“पटका उतरतो देवाम्होरं, न्हायतर सरणावर. तुजं फाटक यातलं काय हाय ते सांग.”

मल्लप्पाला हसू आवरेना. शेवटी पटक्यावरच हेल्मेट ठेवून, ते एका हाताने सावरत येडू आत गेला.

उन्हे चढेपर्यंत त्याने अकरा घरटी दाखवली. मातीच्या रंगाची अंडी शहरी डोळ्यांना दोन हातांवरूनही दिसत नव्हती. येडूच्या वाडवडिलांची एक रीत होती: रानात अंडी आढळली की शेजारी तीन दगड रचायचे आणि वर चिमूटभर भंडारा टाकायचा. मागून येणारा मेंढका ती पिवळी खूण पाहून कळप वळवून नेई. येडूने कनवटीची पिशवी सोडली आणि अकराही घरट्यांशी खुणा केल्या. ही खूण ओळखणारे या भिंतीआड कोणी नाही, हे त्याच्या मनातही आले नाही.

चौथ्या दिवशी कारखान्याच्या पर्यावरण अधिकाऱ्यांच्या नजरेस ते पिवळे दगड पडले. प्रतिबंधित आवारात कोणी देव बसवतो आहे, उद्या इथे देऊळ उठेल, असा त्यांनी तर्क केला. दुपारपर्यंत खोरी लावून सारे दगड उपसले गेले. दगडांबरोबर अंडीही गेली.

मल्लप्पाने निरोप धाडला. येडू आणि प्रियदर्शनी अधिकाऱ्यांच्या गार खोलीत येऊन उभे राहिले.

“मॅडम, आज तिथे घरटी नाहीत,” अधिकारी म्हणाले. “तेव्हा ‘आढळली नाहीत’ असंच लिहा. पुढच्या वर्षी परमिशन देऊच.”

“न्हाईत? मग फोडली कुनी?” येडू म्हणाला.

“देव तुम्हीच बसवलेत ना, मामा?”

येडू पुढे सरसावला. “व्हय, चूक माजी. मला वाटलं, हितं मान्सं ऱ्हात्यात. खूण माजी, पर खोरं तुमचं हाय सायेब! आन देव वाटला तर देवावर खोरं चालवलंत?”

प्रियदर्शनींची लेखणी कागदावर थबकलेली होती. प्रवेश टिकला तर उरलेल्या रानाचे काही राखता येईल, हा विचार त्यांना सोडत नव्हता. येडू त्यांच्याकडे वळला.

“बाई, तुमी का गप? म्होरच्या साली आत याचं हाय म्हनून? आन आत येऊन बगनार काय, भिंत?”

त्यांनी मान खाली घातली आणि लिहिले: घरटी अकरा. पाहिल्याचा दिवस लिहिला, मोडल्याचा दिवस लिहिला, कोणाच्या आज्ञेने तेही लिहिले. त्या दिवसापासून दोघांनाही फाटक बंद झाले. गोदामाला मंजुरी मिळायची ती मिळालीच.

“चूक तुमची नव्हती, मामा,” असे प्रियदर्शनी त्याला पुढे कितीदा तरी म्हणाल्या. “मग कुनाची?” एवढेच तो विचारी. त्याला उत्तर द्यायला कारखान्यातून कधी कोणी आले नाही.

येडू गेल्या आषाढात वारला. माळावर आज पत्र्याचे गोदाम उभे आहे. अहवालाच्या सातव्या पानावर अकरा घरटी आहेत, आणि ती कोणी मोडली हेही तिथे लिहिलेले आहे.