सुलीनं अन्न सोडलं

माझ्या सख्ख्या बहिणीला मी एकदा जिवंतपणी मारलं आहे. मुद्दाम नाही. फोनवर.

कारण झालं कोंबडी. आमच्या हिच्या पाच कोंबड्या होत्या. त्यातली तांबडी दिवस उगवायच्या आत कुरकुर सुरू करायची आणि समोर येईल त्याला टोचायची. "हुबेहूब तुमची बहीण सुलोचना," असं म्हणून हिनं तिचं नाव सुली ठेवलं. (हे आमच्या दोघांतलं. लेकीलासुद्धा पत्ता नव्हता.) गेल्या पावसाळ्यात ही गेली. जाताना एवढंच म्हणाली, "सुलीकडं बघा." पुढं मुंगसानं चार कोंबड्या नेल्या, उरली सुली. सकाळी तिची कुरकुर ऐकली की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. त्यामुळं तिनं दाणे टिपायचं सोडलं तेव्हा माझाही घास उतरेना.

नुसती फुगून बसायची, शेपूट खाली, डोळे मिटलेले. मी गूळपाणी पाजलं, लसूण चारला. हळद कुठं लावायची ते कळेना, म्हणून डोक्याला लावली. कोंबडी बरी झाली नाही, नवरी दिसायला लागली.

मग शेजारच्या इस्माईलकडं गेलो. त्याचं चिकनचं दुकान आहे. तो सुरी खाली ठेवून म्हणाला, "आबा, या धंद्यात कोंबडी बरी कशी करायची हे मला आजवर कुणी इचारलं न्हाई." वर सल्ला दिला, एखाद्या बाईमाणसाला विचारा.

म्हणून वडगावला लेकीला, नंदाला, फोन लावला. आमच्या टाकव्यात रेंज मिळते ती गोठ्याच्या कट्ट्यावर, तीही एका पायावर उभं राहिलं तर. मी ओरडून सांगितलं, "नंदे, सुलीनं दोन दिस झालं अन्न सोडलंय. एका जागी बसून हाय. काय खरं न्हाई बघ तिचं." आणि मग म्हणालो, "शेपूट तर पार खाली पडलीय." पण शेपटीच्या आधीच फोन कटला होता.

दोन तासांत नंदा आणि जावई दारात. जावयाच्या हातात शहाळी, नंदाचे डोळे सुजलेले.

"कुटं हाय ती?"

"मागं. पाटीखाली झाकलीय."

नंदा मटकन उंबऱ्यावरच बसली. येताना तिनं सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते. फोन फिरता फिरता सुलोचना गेलीच अशी बातमी झाली, आणि कुणीतरी आमच्या भाच्यालाही विचारलं, की आईला टाकव्याहून आणणार कधी? भाच्याची आई त्या वेळी कामशेतला अंगणात बसून वाल सोलत होती. तो तसाच तिला मोटरसायकलवर घालून घेऊन आला. सुलोचना उतरली, कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "दादा, मी कवा मेले?"

मी पाटी उचलली. खाली हळद लावलेली कोंबडी. सुलोचनानं तिच्याकडं बघितलं, पोटाखाली हात घातला आणि माझ्यावर डाफरली. "आरं मुडद्या, अंडं आडलंय हिचं! आन तू डोक्याला हळद लावतोस?"

तिनं घमेल्यात कोमट पाणी मागितलं. कोंबडीला पोटापर्यंत त्यात बसवून धरलं, मागून खोबरेल लावलं. अर्धा तास आम्ही सगळे घमेल्याभोवती उभे, बाळंतिणीच्या खोलीबाहेर असल्यासारखे. इस्माईल दुकान टाकून आला. मला आमच्या हिची शेवटची रात्र आठवत होती. मी मनात म्हणालो, एवढी एक तरी राहू दे.

आणि टपकन अंडं आलं! केवढं, तर माझ्या मुठीएवढं. इस्माईलनं टाळ्या वाजवल्या, नंदा परत रडली, जावयानं शहाळी फोडली. सुलीनं अंग झाडलं, कुरकुर केली आणि सुलोचनाच्या हाताला कचकन टोचलं. मला इतका आनंद झाला की तोंडून निघून गेलं, "शाब्बास सुले!"

सगळ्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. मग खरं काय ते सांगावं लागलं. मला वाटलं आता घमेलं माझ्या डोक्यावर येणार. पण सुलोचना पदरात तोंड घालून हसत सुटली.

"वैनीनं ठेवलं व्हय नाव? मग आता ऐक. आमचा तो लंगडा कोंबडा हाय न्हवं, भलत्या वेळी आरवनारा, कुनाचं न ऐकनारा? त्याला आमी दादा म्हनतो. त्ये नाव बी वैनीचंच. दवाखान्यात मला म्हनल्या, दादाकडं बघ गं. तवापासनं बघती की, दोन टाइम बाजरी घालती."

म्हणजे इकडं मी करपलेल्या भाकरी गिळत होतो, आणि माझ्या वाटणीची बाजरी कामशेतात एक कोंबडा खात होता!

आता दर रविवारी मी बहिणीकडं जेवायला जातो. तिनं दारातून "दादा, ये" म्हटलं की आम्ही दोघंही निघतो. तो लंगडा असून माझ्या आधी पोहोचतो.