आधी मोरी बंद करायची

गोंदियाजवळच्या गोरेगावात दवाखाना टाकून मला दोन वर्षं झाली होती. समजावून सांगण्याचा तेव्हा भारी शौक. औषध कमी अन् प्रवचन जास्त, असं माझा कंपाउंडर तोंडावर म्हणायचा.

एका सकाळी शेजारच्या गावचे पाटील बायकोला घेऊन आले. त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधलेले. बाईंना धाप लागत होती. नळी लावली, तर हृदयाची झडप गळत असल्याचं स्पष्ट ऐकू आलं. मग मी तोंड उघडायला सांगितलं. हिरड्यांतून पू येत होता, चार दात हलत होते. बाई दिवसातून पाचदा गुडाखू, म्हणजे गुळात मळलेला तंबाखू, घासायच्या. त्यानं हिरडी बधिर होते, म्हणून दुखणं कळलंच नव्हतं.

"धाप छातीत, अन् तुमी दात कायले पाहून राहिले?" पाटील म्हणाले.

"तलावात जनावर मरून पडलं तर घाण कुठं जाते?"

"तलावाची मोरी खुली असली तं पाटात, पाटातून साऱ्या धानाच्या बांध्यायत."

"तसंच. हिरडीतली घाण रक्तात उतरते, रक्त हृदयात जातं. यांची झडप आधीच खराब, घाण तिथंच ठाण मांडते."

"मंग जनावरच काढून फेकाव लागते."

"बरोबर," मी म्हणालो. इतकं नेमकं आजवर कुणालाच कळलं नव्हतं. स्वतःवर खूश होऊन मी सांगितलं, गोंदियाहून पेनिसिलिन मागवतो, आठ दिवसांनी या. आधी सुया, मग दात, हा क्रम माझ्या डोक्यात होता. तो डोक्यातच राहिला.

आठव्या दिवशी पाटील हसत आले. बाजारात दात काढणारा बसतो, त्याच्याकडून चारही दात त्यांनी एका बैठकीत उपटून घेतले होते. "जनावर काढलं, साहेब."

ओढाताणीत हिरडीतली सगळी घाण एकदम रक्तात गेली असणार. बाईंना बारीक ताप होता. मी रोज सायकलनं जाऊन सुया दिल्या. त्यांच्या दारात उतरताना आतून रडणं ऐकू येईल असं वाटायचं. पाचव्या आठवड्यात ते ऐकू आलं.

पाटलांनी मला दोष दिला नाही. "साहेब खरं सांगत होते, आमीच उशीर केला," असं ते चारचौघांत सांगायचे. मी गप्प ऐकायचो. भित्रा होतो, दुसरं काय.

दोन महिन्यांनी ते सुनेला घेऊन आले. तिला सहावा महिना, हिरड्यांतून रक्त येत होतं. गरोदरपणात ते येतंच.

"हिच्यावेळी उशीर नाही करत," ते म्हणाले. "आज बाजार आहे. तुमाले दाखवून घेतो अन् सारे दात काढूनच टाकतो."

सून तोंडावर पदर धरून बसली होती. आता गप्प राहणं शक्य नव्हतं.

"दात काढू नका. हिला औषधानं बरं वाटेल. आणि पाटील, बाईंचे दात काढल्यानंच घाण हृदयात गेली असावी. जनावर ओढायच्या आधी मोरी बंद करायची, म्हणजे आधी सुया द्यायच्या, हे मी तुम्हाला सांगितलं नाही."



"हे तं आमच्यात पोराले बी मालूम आहे, साहेब," पाटील हळूच म्हणाले. "तुमी काऊन नाही सांगतलं?"