सिद्धम्माच्या वाटचा उपास

आफ्रिकेहून आलेली सून बघायला बाळीवेशीतली अर्धी गल्ली दारात जमली होती, आणि त्या सुनेला टांग्यातून उतरावंसंच वाटत नव्हतं. शहात्तर सालचा उन्हाळा. नवरा गुरुसिद्धप्पा ट्रंका उतरवत होता, कडेवरची पोर एवढी माणसं बघून भोकाड पसरून रडत होती, आणि सिद्धम्माचा एक हात पदराखाली गळ्यातली चांदीची डबी घट्ट धरून होता. बायकांनी ते टिपलं. परमुलखात राहूनही देवाला विसरली नाही हो, असं कौतुक झालं. ते ऐकून सिद्धम्मानं पदर डबीवर आणखी ओढून घेतला.

कारण डबीत तिचं लिंग नव्हतं. साधा खडा होता.

लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याला इष्टलिंग बांधतात, आणि ते जन्मभर अंगावरून उतरत नाही. रोज अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मग चहा, मग भाकरी. हरवलं तर? तर ते सापडेपर्यंत, नाहीतर स्वामींच्या हातून दुसरं मिळेपर्यंत, अन्न बंद आणि पाणीही बंद. मंद्रूपला माहेरी हे तिला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. लिंग हरवलेलं माणूसच तिच्या पाहण्यात नव्हतं. घराण्यात हा पराक्रम करणारी तीच पहिली.

गुरुसिद्धप्पा इथल्या गिरणीत मागांवर जॉबर, म्हणजे मुकादम, होता. टांझानियात एका मोठ्या सरोवराकाठी नवी कापडगिरणी निघाली, तिला मागातली जाणती माणसं हवी होती, आणि यानं सही ठोकून घरी येऊन सांगितलं, ‘‘आपन आफ्रिकेला जायाचं.’’ बायकोला विचारायची पद्धत तेव्हा नव्हती. आताही कुठं फार आहे म्हणा. सासूनं कडक भाकरीच्या चवडी आणि शेंगाची चटणी पत्र्याच्या डब्यांत भरून दिली. डबे संपले तसा सिद्धम्माचा धीरही संपला. मक्याच्या पिठाची भाकरी थापायला घेतली की तव्यावर जायच्या आत मोडायची. त्या तुकड्यांवरून नवऱ्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही, कारण तो स्वतःच तिथं भेदरून होता. बोली कळत नाही, आणि साहेब कुणाला कधी परत धाडील याचा नेम नाही. तो कामावर गेला की ही आतून कडी लावून बसे. शेजारची रेहेमा हाका मारून मारून थकली, तेव्हा कुठं कडी निघाली. मग हळूहळू बाजारापुरते आकडे आले, मिठाला काय म्हणतात ते आलं, रेहेमाच्या जोडीनं सरोवरावर धुणं न्यायची सवय झाली. माणूस रुळतं.

आणि अशी रुळत असतानाच ते झालं. पोटात पोर होती. धुणं पिळून ती काठावर आली, तर डबी हाताला हलकी लागली. झाकण सताड उघडं, आत काही नाही. दिवस मावळेपर्यंत ती कमरेएवढ्या पाण्यात तळ चाचपत राहिली. रेहेमाही उतरली, काय शोधायचंय ते न कळता.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, उलट्या होतात, जेवण नको. खरं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, चल परत. मग नोकरी गेली, कराराचे पैसेही गेले. आणि स्वामी तर समुद्रापल्याड. ती उपाशी राहिली, पाण्यालाही शिवली नाही. शेवटी चुलीपुढंच चक्कर येऊन पडली. रेहेमानं डोकं मांडीवर घेऊन पेजेची वाटी तोंडाला लावली. सिद्धम्मानं दात घट्ट मिटले होते. तेवढ्यात पोटातलं पोर हललं, अगदी क्षीण. तिनं तोंड उघडलं. वाटी संपली, दुसरीही संपली. पुढं काठावरचा एक काळा, गुळगुळीत, लांबून लिंगासारखा दिसणारा खडा तिनं डबीत ठेवला आणि नवऱ्यादेखत रोज त्याचीच पूजा केली.

आता ती सासूच्या, सावित्रम्माच्या घरात होती. कानडीत सासूला म्हणतात तसं सिद्धम्मा तिला ‘अत्ती’ म्हणे, आणि लेक ‘अव्वा’. ही अत्ती म्हणजे देवाधर्माला तिखट बाई. तिच्या दारापुढं गल्लीतली पोरंसुद्धा गोट्या हळू आवाजात खेळत. आल्या दिवशीच तिनं फर्मान काढलं. ‘‘नातीच्या गळ्यात लिंग न्हाय अजून. तिकडं स्वामी कुटनं मिळनार! आपले स्वामी मंगळवेढ्याला गेल्यात, उद्या सांजच्याला येत्यात. आदी आईनं त्यांच्याम्होरं आपली पूजा करायची, मग पोरीला मांडीवर घ्यायचं.’’

सिद्धम्मानं घाईनं विचारलं, ‘‘अत्ती, आदी येक दिवस मंद्रूपला जाऊन येऊ का?’’

‘‘माहेर काय पळून चाललंय व्हय?’’

मंद्रूपच्या स्वामींचे पाय धरून गुपचूप दुसरं लिंग घ्यायचं, हा बेत तिनं बोटीवर बसल्यापासून रचला होता. तो एका वाक्यात बुडाला. आता खडा स्वामींच्या नजरेला पडणार. अत्ती पोर ठेवून घेईल आणि आपल्याला मंद्रूपच्या गाडीत बसवील, कायमची, हे तिला स्पष्ट दिसत होतं. रात्रभर ती पोरीला छातीशी धरून पडून राहिली.

सकाळी ती भिंतीकडं तोंड करून पूजेला बसली, पण हात पुढं होईना. स्वतःच्या पूजेत खोटं चालवलं, ते चालवलं. पण पोरीला लिंग बांधतानाही खोटंच घेऊन बसायचं? ती उठली. अत्ती सुपात ज्वारी निवडत होती.

‘‘अत्ती, माजं लिंग न्हाय.’’

सूप थांबलं. ‘‘कुटं हाय मग?’’

‘‘तिकडं पान्यात गेलं. ही पोटात हुती तवा.’’

‘‘आनि तू जेवलीस?’’

‘‘जेवले.’’

‘‘कुनाच्या हातचं?’’

‘‘शेजारनीच्या. रेहेमाच्या.’’

अत्तीनं सूप खाली ठेवलं आणि आत निघून गेली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सिद्धम्माला वाटलं. दुपारी अत्तीनं सगळ्यांना वाढलं, सुनेच्या ताटात तूपही घातलं, पण स्वतः पानावर बसली नाही. ‘‘भूक न्हाय,’’ म्हणाली. संध्याकाळी स्वामी आले नाहीत. तिकडचं कार्य लांबलं, असा निरोप आला. अत्ती रात्रीही तशीच निजली.

दुसऱ्या दिवशी ऊन असं तापलं की अंगणात पाय ठेववेना. अत्तीचे ओठ सुकून तडकले होते, आणि उठताना तिनं भिंत धरली. गुरुसिद्धप्पा घाबरला. ‘‘अव्वा, घोटभर पानी तरी घे!’’ तिनं मान फिरवली. शेजारची राजाबाई लिंबाचं सरबत घेऊन आली. ऊन लागलंय, डॉक्टरला बोलवा, म्हणाली. अत्तीनं पेला बाजूला सारला. तेव्हा सिद्धम्माच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ती अत्तीच्या पायाशी बसली. ‘‘अत्ती, ह्यो उपास माज्या वाटचा हाय. मी करते. तुमी पानी प्या.’’

‘‘पोर अंगावर पितीया तुज्या,’’ अत्तीचा आवाज फाटला होता. ‘‘तू उपाशी ऱ्हायलीस तर ती काय पील? गप बस.’’

मग सिद्धम्मा गप बसली नाही. नवऱ्यासमोर आणि राजाबाईसमोर तिनं सगळं सांगून टाकलं: सरोवर, पेज, खडा, सगळं. उद्या गल्लीभर होईल तर होऊ दे. गुरुसिद्धप्पा उठला. ‘‘मला सांगायचं हुतंस की गं,’’ एवढंच म्हणाला, पायात चपला अडकवल्या आणि मंगळवेढ्याची एस.टी. पकडायला धावत सुटला.

ती दुपार सिद्धम्मा जन्मात विसरली नाही. गाडी मिळाली असेल का? स्वामी कार्य टाकून येतील का? ती ओलं फडकं अत्तीच्या कपाळावर ठेवत होती. ओठांजवळ नेलं की अत्ती हात धरायची. पुढं पुढं त्या हातात जोर उरला नाही, तरी सिद्धम्मानं फडकं ओठांना लावलं नाही. म्हातारीचं काही बरंवाईट झालं तर ते आपल्याच माथ्यावर, हे कळत असूनही लावलं नाही.

उन्हं कलता कलता स्वामी आले, घामानं निथळत. वाटेत गुरुसिद्धप्पानं त्यांना सगळं सांगितलं होतं. डबी उघडून त्यांनी खडा बघितला. ‘‘हा तळ्यात सोड,’’ म्हणाले, आणि मग जे विचारायचं ते विचारलंच, ‘‘लिंग गेल्यावर उपास पुरा केलास का?’’

भिंतीला टेकलेल्या अत्तीनं डोळे उघडले.

‘‘तिच्या वाटचा मी धरलाय की. हितं बगा, माज्याकडं.’’

स्वामींनी त्या तडकलेल्या ओठांकडं बघितलं. पिशवीतून नवं लिंग काढून त्यांनी सिद्धम्माला दिलं, तिच्याकडून पूजा करवून घेतली, मग तिच्या मांडीवरच्या पोरीला बांधलं.

सिद्धम्मानं पाण्याचा तांब्या आणला. अत्तीचे हात थरथरत होते, म्हणून तो तिनंच धरला. अत्ती थांबत थांबत, घोट घोट पाणी प्याली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिनं सुनेच्या तोंडाकडं नीट बघितलं.

‘‘जेवलीस म्हनून नात जित्ती मिळाली मला,’’ ती म्हणाली. ‘‘रडतीस काय? भाकरी टाक जा.’’