दुसरा एक्स-रे

कॅनडाला कायमचं जायचा अर्ज भरला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, पास-नापास करायचे. नवरा एका खासगी शाळेत गणित शिकवायचा. माझ्या डिग्रीला आणि अनुभवाला तिकडे जास्त गुण, म्हणून मुख्य अर्जदार मी. एजंट म्हणाला होता, "सात-आठ महिन्यांत मोकळे व्हाल."

इंग्रजीची परीक्षा दिली, पोलीस चौकशी झाली, मुंबईला जाऊन मेडिकल केलं, छातीच्या एक्स-रेसकट. मूल तिकडे गेल्यावरच, असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी बसून ठरवलं नाही. तो विषय निघायचा बंद झाला.

वर्ष गेलं. सकाळी गॅसवर चहा ठेवला की मी फोनवर अर्ज बघायचे. 'प्रक्रिया सुरू आहे.' सुरुवातीला छातीत धडधड व्हायची. पुढे दारातली दुधाची पिशवी आत घ्यावी तसं ते व्हायला लागलं. कंपनीत लाइन इनचार्जची जागा निघाली. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर जाणार. तुम्हाला देऊन काय उपयोग?" माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलीला ती जागा मिळाली. तिने पेढा दिला, मी खाल्ला, आणि परत कामाला लागले. वाईट वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं.

देवळ्याला सासरी गेलो की सासूबाई विचारायच्या, "लय दिवस लागतात का गं त्या कागदाला?" मी हो म्हणायचे. एका दिवाळीला त्यांनी विचारलंच नाही. बरं वाटलं.

तिसऱ्या वर्षी मेल आला. पहिल्या मेडिकलची मुदत संपली आहे, पुन्हा करा. आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. तिथल्या फॉर्मवर प्रश्न होता, शेवटची पाळी कधी आली. लिहिता लिहिता माझा हात थांबला. तारीख केव्हाच उलटून गेली होती. दिवसभर मायक्रॉन मोजणारी मी, पण हे मोजलं नव्हतं.

नर्स म्हणाली, "आधी टेस्ट करू. दिवस गेले असतील तर एक्स-रे बाळंतपणानंतर काढता येईल."

दिवस गेले होते. नवरा बाहेर बाकावर कागदांची फाइल मांडीवर घेऊन बसला होता.

"एक्स-रे काढत नाहीये मी," मी म्हणाले.

"का?"

मी सांगितलं. तो फाइलची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे फाइल थांबेल."

"थांबलेलीच आहे."

येताना इगतपुरीच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली आणि न विचारता माझ्यासाठी शहाळं आणलं.

एजंटला फोन केला. तो म्हणाला, "ताई, थोडं प्लॅनिंग करायचं ना." मी फोन ठेवून दिला. त्या सगळ्या काळात मला राग आलेला आठवतो तो तेवढाच.

मुलगी झाली. एक्स-रे झाला. मग तिचा जन्मदाखला, तिचा पासपोर्ट. फोटोसाठी तिला पांढऱ्या चादरीवर निजवलं. डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं. फोटोवाला टाळ्या वाजवत होता आणि ती गाढ झोपली होती. तिसऱ्या दिवशी जमलं. तिचं नाव अर्जात गेलं आणि पुन्हा तेच, 'प्रक्रिया सुरू आहे.'

मंजुरी आली तेव्हा ती चालायला लागली होती. जेवणाच्या सुट्टीत मेल दिसला. दोनदा वाचला. तोंड धुऊन आले आणि उरलेला लॉट तपासला. त्यातले चार भाग नापास केले. संध्याकाळी नवऱ्याला फोन दाखवला.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं."

मग त्याने मुलीची ओली झालेली चड्डी बदलली आणि मी कुकर लावला.

पुढच्या महिन्यात निघायचं आहे. दोघांनीही राजीनामे दिलेत. मंजुरी आली त्याच रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंना फोन लावला. त्या आधी "देवा" म्हणाल्या, मग रडायला लागल्या. आनंदाने की दुसऱ्या कशाने, ते आम्ही विचारलं नाही. फोन स्पीकरवर होता. आम्ही दोघं जमिनीवर बसून ऐकत राहिलो. मुलगी फोन ओढत होती.